निळ्या मण्यांची वंशावळ

एम.ए.च्या वर्गाला तौलनिक साहित्याभ्यासाचा पेपर शिकविताना दरवर्षी एक प्रसंग हमखास येतो. एखादा चांगला, अभ्यासू विद्यार्थी 'अमुक इंग्रजी लेखकाचा तमुक मराठी लेखकावरील प्रभाव' या विषयावर निबंध लिहून आणतो. निबंधात डाव्या बाजूला इंग्रजी कृतीतील लक्षणे आणि उजव्या बाजूला मराठी कृतीतील लक्षणे मांडलेली असतात. साम्ये पाच-सहा निघाली की खाली निष्कर्ष येतो : 'यावरून प्रभाव सिद्ध होतो.' एका वर्षी अशाच एका निबंधावर 'साम्य म्हणजे संबंध नव्हे' असा शेरा मी लिहिला. विद्यार्थिनी तो घेऊन आली आणि तिने सरळ विचारले, "सर, मग आणखी किती साम्ये सापडली म्हणजे संबंध सिद्ध होईल?" प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर मला पुढे साहित्याबाहेर, पुरातत्त्वातील मण्यांच्या एका जुन्या वादात सापडले. त्या वादाची ही हकिकत आहे. हडप्पा, क्रीट, इजिप्त आणि इंग्लंडमधील विल्टशर एवढा तिचा पसारा आहे. तिच्या मध्यभागी मात्र करंगळीच्या नखाएवढे निळसर मणी आहेत.

हे मणी फायन्सचे. या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही, आणि मूळ शब्दही चुकूनच या वस्तूला चिकटलेला आहे. इटलीतील फाएन्झा हे गाव मध्ययुगाच्या अखेरीपासून झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध होते. त्याच्या नावावरून तसल्या भांड्यांना 'फायन्स' म्हणू लागले. पुढे इजिप्तमधील चकचकीत निळ्या वस्तू युरोपात पोहोचल्यावर, त्या दिसायला तशाच म्हणून, त्यांनाही तेच नाव मिळाले. वस्तुतः फाएन्झाची भांडी मातीची आणि इजिप्तच्या या वस्तूंत माती जवळजवळ नाहीच. म्हणजे दिसण्यातील साम्यावरून नाते जोडण्याची चूक या विषयाच्या नावातच आहे.

फायन्स म्हणजे मुख्यतः गारगोटीचे पीठ. गारगोटी किंवा स्वच्छ पांढरी वाळू कुटून बारीक करायची, तिच्यात थोडा चुना आणि थोडा खार मिसळायचा. हा खार एकतर नॅट्रॉनसारखा खनिज असे, नाहीतर आपल्याकडील सज्जीखारासारखा खारट जमिनीतील वनस्पती जाळून मिळवलेला. रंगासाठी तांब्याचा कळंक किंवा तांब्याचे खनिज. पाणी घालून हे मळले की जो गोळा होतो तो कुंभाराच्या मातीसारखा आज्ञाधारक नसतो. हातात घेतला तेव्हा घट्ट वाटतो, दाबला की एकदम सैल पडतो, वाकवला की तडकतो. त्यामुळे फायन्सच्या वस्तू बहुधा लहान असतात : मणी, ताईत, बांगड्या, जडावाचे तुकडे, छोट्या कुप्या. गोळ्याला आकार देऊन तो वाळत ठेवला की खरी गंमत सुरू होते. पाण्याबरोबर आतला खार पृष्ठभागाकडे येतो आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर लोणा चढावा तसा वस्तूवर पांढरा थर धरतो. भट्टीत आठशे ते हजार अंश सेल्सियस उष्णतेत तो थर गारगोटीशी आणि तांब्याशी एकजीव होऊन वितळतो आणि निळीहिरवी काच होऊन बसतो. वरून झिलई लावलेलीच नसते. वस्तूच्या पोटातून आलेली ती झिलई असते.

झिलई आणण्याचे आणखी दोन मार्ग होते. एक म्हणजे वरून लेप देणे. दुसरा अधिक नवलाचा. वाळलेले मणी राख, चुना, गारगोटीचे पीठ आणि तांब्याचे द्रव्य यांच्या कोरड्या भुकटीत पुरून भट्टीत ठेवायचे. भुकटीतील खार आणि तांबे मण्याच्या पृष्ठभागाशी संयोग पावतात, आणि थंड झाल्यावर भुकटी फोडली की आतून झळझळीत निळे मणी निघतात. प्राचीन कारागीर असे करीत असावेत असा नुसता तर्क फार दिवस होता. पण १९६०च्या दशकात इराणमधील कोम या शहरात काही कारागीर याच रीतीने मणी करताना अभ्यासकांना आढळले आणि १९६८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. ते मणी कोणासाठी होते? गाढवांसाठी. जनावराला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधायचे निळे मणी! आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या मनगटात दृष्टमणी बांधणाऱ्या आजीला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आता उगमाकडे वळू. फायन्सच्या आधी झिलई आली, आणि ती प्रथम दगडावर आली. शंखजिऱ्याचा दगड इतका मऊ की नखाने ओरखडा उठावा, पण भट्टीत घातला की कठीण होतो आणि फुटत नाही. इजिप्तमधील बदारी संस्कृतीच्या, म्हणजे सुमारे इ.स.पू. ४४०० ते ४०००च्या थडग्यांत, शंखजिऱ्याचे निळीहिरवी झिलई असलेले मणी मिळाले आहेत. इकडे बलुचिस्तानात मेहेरगढलाही ताम्रपाषाण काळात झिलईदार शंखजिऱ्याचे मणी होत होते. त्यानंतर केव्हातरी कोणाच्या तरी लक्षात आले की दगड कोरत बसण्यापेक्षा गारगोटीच्या पिठाचाच दगड घडवता येतो. उत्तर मेसोपोटेमिया आणि इजिप्त हे दोन्ही प्रदेश या शोधाचे दावेदार आहेत. इ.स.पू. चौथ्या सहस्रकात दोन्हीकडे फायन्सचे मणी स्थिरावलेले दिसतात. तांब्याच्या खनिजाची पूड, राख आणि वाळू भट्टीच्या आसपास एकत्र असणे ही त्या काळातील तांबटाच्या घरची रोजची स्थिती होती. तेव्हा हा शोध तांब्याच्या भट्टीशेजारी लागला असावा हे अनुमान मला पटण्यासारखे वाटते.

पण शोध लागण्याची शक्यता असणे वेगळे आणि तो हजारो वर्षे टिकणे वेगळे. तो टिकला याचे कारण निळ्या रंगाची भूक. निसर्गात निळा दगड दुर्मीळ. लाजवर्द, ज्याला संस्कृत ग्रंथ राजावर्त म्हणतात, तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून यायचा. तिथून नाईलच्या खोऱ्यापर्यंत त्याचा प्रवास हजारो किलोमीटरांचा. पिरोजा इजिप्तला सिनाईच्या वाळवंटातील खाणींतून आणावा लागे. गारगोटी, राख आणि चिमूटभर तांबे मात्र घराजवळ होते. म्हणून बहुतेक पुस्तके फायन्सला 'लाजवर्द आणि पिरोजाची स्वस्त नक्कल' म्हणून मोकळी होतात. आजच्या भाषेत बोलायचे तर प्राचीन काळचे बेन्टेक्स.

या निकालाशी मी सहमत नाही. इजिप्ती लोक या पदार्थाला 'च्येहेनेत' म्हणत. या शब्दाचा अर्थ 'तळपणारे', 'झळकणारे' असा आहे. नकली दगड असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याचे नाव त्याच्या तेजावरून पडले आहे, त्याला केवळ नक्कल म्हणता येत नाही. पुरावेही तसेच आहेत. सक्कारा येथे झोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली, सुमारे इ.स.पू. २६५०च्या सुमारास, भूमिगत दालनांच्या भिंती निळ्या फायन्सच्या फरश्यांनी मढवल्या होत्या. फरश्यांची संख्या छत्तीस हजारांच्या घरात धरली जाते. ज्या राजाला हवे ते मिळत होते त्याने मृत्यूनंतरच्या निवासासाठी हे निवडले, तेव्हा त्यात काटकसर शोधणे कठीण आहे. सिनाईत सेराबीत अल्-खादिम येथे हाथोर देवीचे, 'पिरोजाच्या स्वामिनी'चे, देऊळ आहे. खऱ्या पिरोजाच्या खाणीच्या तोंडाशी असलेल्या या देवळात भक्तांनी वाहिलेल्या फायन्सच्या वस्तू मोठ्या संख्येने सापडल्या. देवीला तिच्या घरी तिच्याच दगडाची नक्कल कोण वाहील?

दुसऱ्या टोकाला याच पदार्थाचा सर्वसामान्यांपर्यंत पसारा झाला हेही खरे. फ्लिंडर्स पेट्री यांना १८९१-९२ मध्ये अमार्ना येथे, अखेनातेनच्या अल्पायुषी राजधानीत, फायन्सचे ताईत आणि अंगठ्या पाडण्याचे मातीचे साचे हजारोंनी मिळाले. त्या साच्यांतून निघालेले दागिने राजवाड्यापुरते नव्हते. राजाचे दालन आणि सामान्य स्त्रीचा गळा यांना जोडणारे असे द्रव्य इतिहासात फार नाही.

हडप्पा संस्कृतीने फायन्सला आपले वळण दिले. प्रगल्भ हडप्पा काळात, म्हणजे इ.स.पू. २६०० ते १९००च्या दरम्यान, इथले कारागीर गारगोटीचे मिश्रण एकदा भाजून, ते पुन्हा कुटून त्या पुडीपासून वस्तू घडवीत. मार्क केनॉयर यांच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली आहे. असे फायन्स इजिप्तच्या मानाने घट्ट आणि टणक होते. म्हणून बांगडीसारखी, रोज हातावर आदळणारी वस्तू त्यातून करता आली. शंख कापून केलेल्या बांगडीवर जिथे दोन टोके मिळतात तिथे बाणाच्या टोकासारखी एक खूण कोरलेली असते. ती शंखाच्या नैसर्गिक घडीला सामावून घेणारी खूण होय. तीच खूण फायन्सच्या बांगड्यांवरही काढलेली दिसते, जिथे सामावून घ्यायला कोणतीही घडी नाही! इथे नक्कल नक्कीच आहे, पण ती दगडाची नाही. बांगडीला 'बांगडी' म्हणून ओळखू यावे एवढ्यासाठी ही खूण आहे, असे मला वाटते. रूप राहते आणि त्याचे मूळ कारण नाहीसे होते, हे छंदांच्या आणि वृत्तांच्या इतिहासात आपण अनेकदा पाहतो.

हडप्पा कारागिरांचे शंखजिऱ्याचे काम तर थक्क करणारे आहे. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातील झेकडा येथे शंखजिऱ्याचे सुमारे चौतीस हजार अतिसूक्ष्म मणी मिळाले. एकेक मणी साधारण एक मिलिमीटर व्यासाचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील के. टी. एम. हेगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी त्यांचा अभ्यास करून, हे मणी शंखजिऱ्याच्या पुडीचा लगदा बारीक नळीतून दाबून आणि कापून केले असावेत असे दाखवले. शेवया पाडण्याचीच क्रिया, फक्त शेवई आतून पोकळ. विषयांतर होते आहे, पण मोहेंजोदडो म्हटले की भव्य स्नानगृहच डोळ्यांपुढे येणाऱ्यांनी हे मणी एकदा भिंगाखाली पाहावेत.

असो. आता वादाकडे येतो.

अठराव्या शतकात विल्यम स्टकली यांनी स्टोनहेंजच्या परिसरातील थडग्यांची टेकाडे खणली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कनिंग्टन व रिचर्ड कोल्ट होर यांनी विल्टशरमधील शेकडो टेकाडे उकरली. या थडग्यांत तृणमणी, जेट नावाचा काळा दगड, क्वचित सोने आणि त्यांच्या जोडीला निळसर-हिरवट रंगाचे, खाचा पाडलेले लांबट मणी मिळत. जणू चार-पाच बारीक मणी एकमेकांना चिकटून एकच नळी झाली आहे. पुरातत्त्वज्ञ त्यांना खंडित मणी म्हणतात. ते करण्याची रीत सोपी होती. काडीभोवती फायन्सचा लगदा गुंडाळायचा, दातेरी साधनाखाली तो फिरवायचा म्हणजे खाचा पडतात. भट्टीत काडी जळून जाते आणि भोक राहते. हुबेहूब असेच मणी इजिप्तमध्ये मिळत होते. धुक्याच्या प्रदेशातील धनगरांच्या थडग्यांत नाईलकाठचे दागिने! ही कल्पना कोणाला मोह पाडणार नाही?

१९३६ मध्ये होरेस बेक आणि जे. एफ. एस. स्टोन यांनी ब्रिटनमधील फायन्सच्या मण्यांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. बेक हे मण्यांचे जगन्मान्य जाणकार. हडप्पा आणि तक्षशिला येथील मण्यांवरही त्यांनी लिहिले आहे. खंडित मणी इजिप्तकडून आले आणि इजिप्तमधील नमुन्यांवरून ते इ.स.पू. १४००च्या सुमाराचे असावेत, असा त्यांचा सूर होता. त्या वेळी कार्बन-१४ची पद्धत नव्हती. लिपी नसलेल्या युरोपाच्या प्रागितिहासाला तारखा द्यायच्या तर त्या राजांच्या याद्या असलेल्या इजिप्तकडून उसन्या घेणे भाग होते. म्हणून हे मणी म्हणजे देवाने पाठविलेला दुवा ठरले. गॉर्डन चाइल्ड यांच्यासारख्या मोठ्या विद्वानाने युरोपीय कांस्ययुगाची जी इमारत रचली, तिच्या पायात हे मणी होते. पौर्वात्य प्रकाश हळूहळू पश्चिमेच्या रानटीपणावर पसरला, असे ते चित्र होते. आपल्याला ते सुखावणारे वाटेल. म्हणून तर ते अधिक सावधपणे पाहायला हवे.

याच साखळीत हडप्पा ओवले गेले. माधोस्वरूप वत्स यांच्या हडप्पा येथील उत्खननाचा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्या उत्खननात खंडित फायन्स मणी मिळाले होते. क्रीट बेटावरील क्नोसॉस येथे आर्थर एव्हन्स यांना राजवाड्याच्या भांडारकोठ्यांत सर्पदेवतेच्या प्रसिद्ध फायन्स मूर्तींबरोबर मणीही मिळाले होते. त्यांचा काळ इ.स.पू. १६००च्या आसपास धरला जातो. स्टोन यांनी हडप्पाचा एक आणि क्नोसॉसचा एक असे मणी वर्णपटीय विश्लेषणाला लावले. दोन्हींच्या घटकांच्या याद्या जुळल्या. १९४९ मध्ये त्यांनी लेख लिहिला आणि हा मणी म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या कालगणनेतील आणखी एक निश्चित बिंदू होय, अशी घोषणा केली. मॉर्टिमर व्हीलर यांनीही या मण्याची दखल घेतली. हडप्पा नगरांचा शेवट इ.स.पू. १५००पर्यंत खाली ओढणाऱ्या त्यांच्या मांडणीला हा पुरावा सोयीचा होता. आणि त्या मांडणीचा आर्यांच्या आक्रमणाच्या सिद्धान्ताशी किती जवळचा संबंध होता, हे वाचकांना सांगायला नको. एका मण्याच्या अंगावर केवढे ओझे!

आता हा युक्तिवाद त्या विद्यार्थिनीच्या निबंधाशेजारी ठेवून पाहा. डावीकडे हडप्पाचा मणी, उजवीकडे क्नोसॉसचा मणी. आकार तोच, रंग तोच, सिलिका तीच, खार तोच, तांबे तेच. यावरून संबंध सिद्ध होतो! पण गारगोटी, राख, चुना आणि तांबे यांच्यापासून केलेली कोणतीही वस्तू घेतली तर तिच्यात गारगोटी, राख, चुना आणि तांबेच सापडणार. जे साम्य कृतीमुळे अटळ आहे ते साम्य पुरावा होऊ शकत नाही. काडीभोवती लगदा फिरवून खाचा पाडल्या की खंडित मणीच होणार, मग कारागीर रावीकाठचा असो की क्रीटचा. कालाची पंचाईत तर पुढे झालीच. कार्बन-१४ आल्यावर प्रगल्भ हडप्पा नगरांचा काळ इ.स.पू. १९००च्या आसपास संपतो असे स्पष्ट झाले. ज्या भांडारकोठ्यांतील मण्याशी जोडी जमवली होती त्या भरल्या गेल्या तेव्हा ती नगरे उतरणीला लागून तीन शतके झाली होती.

विल्टशरच्या मण्यांचे काय झाले? झाडांच्या वार्षिक कड्यांच्या आधारे कार्बनच्या तारखा १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुरुस्त झाल्या, आणि ब्रिटनचे कांस्ययुग एकाएकी काही शतके मागे सरकले. कॉलिन रेनफ्रू यांनी १९६८ मध्ये मायसिनीच्या मदतीवाचून वेसेक्सचा विचार करण्याची कल्पना मांडली. आज ब्रिटन आणि आयर्लंडमधील फायन्सचा काळ साधारण इ.स.पू. १९०० ते १५०० असा धरतात, म्हणजे अमार्नाच्या पुष्कळ आधीचा. अर्थात एवढ्याने इजिप्तचा दावा खारीज होत नाही. खंडित मणी पूर्वेकडे अमार्नाच्याही आधी होत होतेच. तारीख बदलली, पण संबंध नाही हे त्यातून सिद्ध झाले नाही. रेनफ्रूंचे अनेक उत्साही वाचक इथे घाई करतात.

निर्णायक गोष्ट ठरली ती कथील. स्टोन यांच्याच जुन्या आकड्यांची १९७० मध्ये न्यूटन आणि रेनफ्रू यांनी नव्याने संख्याशास्त्रीय तपासणी केली. १९७२ मध्ये ॲस्पिनॉल आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन क्रियाशीलतेच्या पद्धतीने मण्यांतील सूक्ष्म घटक मोजले. ब्रिटिश मण्यांत कथिलाचे प्रमाण इजिप्त आणि पूर्वेकडील मण्यांच्या मानाने लक्षणीय होते. त्याच वर्षी मॅकेरेल यांनी याविरुद्ध बाजू मांडली आणि आयातीचा पक्ष पूर्ण सोडायला नकार दिला. तेव्हा हा निकाल एका फटक्यात लागला नाही. पुढे ॲलिसन शेरिडन आणि अँड्रयू शॉर्टलंड यांनी ब्रिटन-आयर्लंडमधील मण्यांचा नव्याने आढावा घेऊन २००४ मध्ये जे मांडले ते आज बहुतेकांना मान्य आहे. हे मणी तिथेच झाले. तारेच्या आणि कड्याच्या आकाराचे मणी तर मुख्यतः त्याच बेटांवर मिळतात. कांसे करणाऱ्या लोकांनी तांब्याऐवजी कांशाचा कीस किंवा कळंक वापरला तर मण्यात थोडे कथील येणारच. पण काही मण्यांतील कथील त्या हिशेबापेक्षा जास्त भरते, म्हणजे ते मुद्दाम घातले असावे. कॉर्नवॉलच्या ओढ्यांतून मिळणारे, चकाकणारे कथील त्या लोकांच्या लेखी तेजस्वी द्रव्य होते. नेदरलंड्समधील एक्सलो येथील प्रसिद्ध माळेत कथलाचे मणी, तृणमणी आणि फायन्सचे मणी एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत.

मग इजिप्तचा, पूर्वेचा काहीच संबंध नाही का? आहे, पण वेगळ्या जातीचा. गारगोटीच्या पिठाला राख लावून भाजले की निळी काच धरते, हे ज्ञान ब्रिटनमध्ये आपोआप उगवल्याची चिन्हे नाहीत. मध्य युरोपात, आजच्या स्लोव्हाकियाच्या परिसरात, फायन्स त्याआधीपासून होत होते, आणि ते ज्ञान टप्प्याटप्प्याने, धातुकामाच्या वाटांनी पश्चिमेला गेले असावे. मणी आले नाहीत, कृती आली. कृती आल्यावर तिच्यात स्थानिक कथील पडले, स्थानिक आकार आले. शंभर टक्के आयात म्हणणारे आणि शंभर टक्के स्वदेशी म्हणणारे अशा दोघांनाही हा निष्कर्ष अडचणीचा आहे.

हे मणी वापरत कोण होते, हाही प्रश्न आहे, आणि वंशावळीच्या वादात तो फार दिवस मागे पडला. ब्रिटनमध्ये बहुतेक थडग्यांत फायन्सचा एखादा किंवा दोन-चारच मणी मिळतात. सगळी माळ फायन्सची अशी क्वचितच. जिथे व्यक्ती ओळखता येते तिथे ती बहुधा स्त्री असते. तृणमणी, जेट, फायन्स, हाड असे वेगवेगळ्या जातींचे मणी एका दोऱ्यात ओवलेले असतात. काही घासून झिजलेले, काही नवे. कुठे आईचा, कुठे सासूचा असा एकेक मणी जमत गेला असेल काय? निदान ही सौंदर्यापुरती माळ नव्हती. चकाकणारी, घासली की हलक्या वस्तूंना ओढून घेणारी, आगीतून निघालेली अशी विलक्षण द्रव्ये निवडून जवळ बाळगलेली दिसतात.

आयर्लंडमधील तारा येथील 'ओलिसांचे टेकाड' १९५०च्या दशकात खणले गेले. त्यातील कांस्ययुगीन प्रेते जवळजवळ सगळी दहन केलेली. अपवाद एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा. त्याला तसेच पुरले होते, आणि त्याच्या गळ्यात जेट, तृणमणी, कांसे आणि फायन्स यांच्या मण्यांची माळ होती. तो कोण, त्याला वेगळा मान का, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या माळेतील फायन्सच्या मण्यांपाशी थांबावेसे वाटते. चाइल्डच्या पिढीसाठी ते तारीख सांगणारे मणी होते, त्या मुलाच्या माणसांसाठी ते त्याच्यासोबत जाणारे मणी होते.

आपल्या दख्खनमध्ये फायन्सचा पसारा मर्यादित आहे. नेवासे, दायमाबाद, इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांच्या अहवालांत मण्यांच्या यादीत फायन्स येते, पण अकीक, जास्पर, शंखजिरे, भाजलेली माती यांच्या सोबतीला. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्या दोऱ्याचे अवशेषही टिकले होते. तांब्याच्या कळंकानेच तो दोरा कुजण्यापासून वाचवला. जे द्रव्य नाईलकाठी मण्याला निळे करीत होते, त्याने प्रवरेकाठी सूत राखले. दायमाबादला उत्तर हडप्पा काळातील वस्ती असल्यामुळे इथल्या प्रत्येक फायन्स मण्यावर 'हडप्पाकडून आलेला' अशी चिठ्ठी लावण्याचा मोह होतो. तो अंशतः खराही असेल. पण विल्टशरची हकिकत वाचल्यावर चिठ्ठी लावण्यापूर्वी मण्यातील बारीकसारीक अशुद्धी पाहाव्याशा वाटतात.

आणि इथेच त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर होते. किती साम्ये, हा प्रश्नच नव्हता. केशवसुतांच्या सुनीतात चौदा ओळी आहेत हे साम्य काही सांगत नाही. चौदा ओळी ही कृतीच आहे, ती आली हे सर्वांना ठाऊक आहे. माधव जूलियनांच्या गज्जलेत यमकाची फारसी पद्धत आहे, हेही तसेच. पाहायचे ते असे काहीतरी, जे कृतीमुळे अटळ नव्हते आणि तरीही आत आले. पुढच्या वर्षी मी वर्गात हा सगळा इतिहास सांगितला, फळ्यावर खंडित मणी काढून दाखवला, आणि निबंधासाठी एकच अट घातली : साम्यांची यादी द्या, पण प्रत्येक साम्यापुढे ते टाळता आले असते की नाही हे लिहा. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या याद्या रिकाम्या झाल्या. एका मुलाने विचारले, "सर, मग यातले कथील कुठले?" मी त्याला ग्रंथालयात पाठवले.